रश्श्याची वडी आणि वडीचा रस्सा

पुरणाची हरभऱ्याची डाळ शिजली, की तिच्यावरचे पाणी निथळून वेगळ्या पातेल्यात काढावयाचे आणि त्या कटाची आमटी करावयाची, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता. आणि कोल्हापुराकडे मटण शिजताना जे अळणी पाणी सुटते, त्याच्याच आधारावर तांबडा व पांढरा हे दोन्ही रस्से उभे राहतात, हेही खवय्यांना सांगावयास नको. सबब, उकळत्या पाण्यात उतरलेला अर्क हाच पुढील पदार्थाचा पाया, हे तत्त्व आपल्याला परक्यांकडून शिकावे लागले नाही. आयुर्वेदात यूष आणि मांसरस यांचा विचार कितीतरी आधी झालेला आहे. तथापि अलीकडे दुकानाच्या फळीवर हाच पाया चौकोनी वडीत, डब्यातल्या भुकटीत, बरणीतल्या दाट लगद्यात आणि कागदी खोक्यातल्या तयार पाण्यात मिळू लागल्यामुळे, या चार जिनसांत ग्राह्य कोणता आणि त्याज्य कोणता, असा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरातही उपस्थित झाला.

या मामल्याचे दप्तर उघडले, तर पहिला कागद आगबोटींच्याही आधीचा निघतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वासराच्या तंगड्या तासन्‌तास उकळून, तो रस आटवून आणि वाळवून सरसासारख्या कडक चकत्या करीत, आणि त्या चकत्या लांबच्या सफरींवर नेत. १७६८ साली निघालेल्या कॅप्टन कुकच्या जहाजावरही त्या होत्या, व त्यांनी खलाशांचा स्कर्व्ही रोग टळतो अशी आरमारी अधिकाऱ्यांची भाबडी समजूत होती. समजूत चुकीची असली, तरी जिन्नस अस्सल होता. ती खरोखरच रश्श्याची वडी होती. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी १८४७ साली मांसाच्या अर्कासंबंधी आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि १८६५ साली त्यांच्या नावाने निघालेल्या कंपनीने युरुग्वे देशातील फ्राय बेंटोस येथे, जेथे गुरे मुख्यतः कातड्यासाठी मारली जात व मांस मातीमोल होई, तेथे सुमारे ३० किलो मांसातून १ किलो अर्क काढण्याचा उद्योग चालविला. हा अर्क म्हणजे मांसाचेच सत्त्व, असा आरंभी डांगोरा पिटला गेला. परंतु प्रथिने आणि चरबी बहुतांशी मागेच राहतात व बरणीत येते ती मुख्यत्वे चव, ही गोष्ट फार काळ झाकून राहिली नाही.

चवच विकावयाची, तर मांस तरी कशाला, हा पुढचा विचार स्वित्झर्लंडातील पिठाच्या गिरणीचे मालक ज्युलियस मागी यांनी व्यवहारात आणला. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना चूल सांभाळण्यास वेळ नसे, म्हणून त्यांनी १८८६ साली वाटाणा व घेवड्याच्या पिठाची तयार सुपे काढली. वनस्पतींतील प्रथिनांचे आम्लाने विघटन केले असता मांसाच्या रसासारखा स्वाद उत्पन्न होतो, या युक्तीवर त्यांचा तपकिरी द्रव मसाला बेतलेला होता, आणि १९०८ साली त्यांची वडी बाजारात आली. (१९१४ साली, महायुद्धाच्या तोंडावर, याच वडीच्या जाहिराती जर्मन हेरांच्या खुणा आहेत अशी आवई फ्रान्समध्ये उठली आणि सरकारी हुकुमाने त्या फाडण्यात आल्या, बिचाऱ्या वडीच्या कैफियतीत हाही एक मजकूर नमूद असावा.) योगायोग असा, की त्याच १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या रसातून ग्लुटामेट वेगळे काढून, खारट, गोड, आंबट व कडू यांहून निराळ्या अशा त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. आजच्या वेष्टनावर ६२१ या अंकाने जे द्रव्य लिहिलेले असते, ते हेच. त्याच्या जोडीला अनेकदा ६३१ असते. दोघे एकत्र आले, की एकेकट्याच्या मानाने चव कितीतरी पट वाढते. हे दुसरे द्रव्य मासळीपासूनही निघते आणि किण्वनानेही होते, यास्तव शाकाहारी मनुष्याने अंकाशी हुज्जत न घालता हिरवा ठिपका पाहावा, हे बरे.

प्रत्यक्ष रुजुवात करावी म्हणून मी कोंबडीच्या स्वादाचे चारही प्रकार आणले, आणि शेजारी कोंबडीच्या माना, पाय व हाडे मंद आचेवर तीन तास उकळून घरचे पाणीही ठेवले. वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाचे असतात, एवढा दस्तूर ठाऊक असला तरी निम्मा निवाडा दुकानातच होतो; माझ्या वडीवर आणि भुकटीवर पहिले नाव मिठाचे होते, कोंबडीचा नामोल्लेख शेवटास, संकोचाने केल्यासारखा. साधारणपणे अर्ध्या लिटर पाण्यास १० ग्रॅमची एक वडी सांगतात, व तिच्यात निम्म्याच्या आसपास मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, तेव्हा तेवढे सूप दोघांनी प्यायले, तरी प्रत्येकाचे अर्ध्या दिवसाचे मीठ तेथेच संपले. भुकटी गुणाने वडीचीच बहीण, मात्र चमच्याने मोजता येते एवढी तिची सोय अधिक. लगद्याची बरणी महाग पडली, पण तिच्या घटकांत पहिले नाव शिजविलेल्या कोंबडीचे होते, आणि चवीत तो फरक लपला नाही. खोक्यातील पाणी मिठाने सौम्य आणि स्वादानेही. पाण्याचे ओझे पैसे मोजून घरी वाहून आणल्यासारखे मला वाटले.

परंतु खरा भेद दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. शीतकपाटात ठेवलेले घरचे पाणी थरथरत्या खरवसासारखे घट्ट झाले होते, कारण हाडांच्या सांध्यांतील व कातडीतील कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन बनले होते. बाकीची चारही पातेली होती तशीच पातळ. ओठांना किंचित चिकटणारा जो भरीवपणा पांढऱ्या रश्श्यात असतो, तो वडीतून येत नाही, कारण तो तिच्यात घातलेलाच नसतो. म्हणून वडीला रश्श्याच्या पंक्तीत बसविणे मला मान्य नाही. तिची जागा मिठाच्या पंक्तीत. हे न ओळखल्यामुळे मी एकदा वडीचे पाणी घालून रस्सा दाट होईपर्यंत आटवीत बसलो. पाणी गेले, मीठ राहिले, आणि घरातल्या माणसांनी त्या दिवशी दह्यावर जेवण उरकले.

तेव्हापासून पुलावाच्या पाण्यात अर्धी वडी घालावयाची झाल्यास वेगळे मीठ घालावयाचे नाही, व आटवावयाच्या पदार्थास ती लावावयाची नाही, असा आमच्याकडे ठराव आहे. भाज्यांच्या सुपात लगदा चमचाभर चालतो. कटाच्या आमटीत मात्र यांतील काहीही घालून पाहण्याची सूचना मी केली होती, ती बहुमताने फेटाळण्यात आली.