जुने संगणक आणि लिनक्स : रूढ समज व वस्तुस्थिती

भंडारा, तुमसर, पवनी येथील एखाद्या पेढीवर, दप्तरात किंवा शाळेच्या कोठीत विंडोज एक्सपीच्या जमान्यातला संगणक धूळ खात पडलेला असला, की त्याच्याविषयी दोन मते सारख्याच ठामपणे ऐकू येतात : कोणी म्हणतो तो भंगारात घालावा, तर कोणी म्हणतो लिनक्स घालताच तो नव्यासारखा धावू लागेल. दोन्ही समज भ्रामक आहेत. त्यांतही दुसरा मला अधिक उपद्रवी वाटतो, कारण त्यावर विसंबलेला मनुष्य लवकरच निराश होऊन लिनक्सलाच बोल लावतो.

लिनक्सने हलकी होते ती कार्यप्रणाली, तिच्यावर करावयाचे काम नव्हे. अँटिएक्स ही प्रणाली ५१२ मेगाबाइट रॅमवर आपला कारभार चालवू शकते आणि टायनी कोअरची तर डाउनलोड फाइलच २५ मेगाबाइटांच्या आत मावते. परंतु ब्राउझरमध्ये सातबाऱ्याचे किंवा बँकेचे पान उघडले, की ते पान हवी तेवढी रॅम मागतेच, आणि तेथे कोणत्याही प्रणालीची मात्रा चालत नाही. एक जीबी रॅमवर पत्रव्यवहार आणि हिशेब बेलाशक करावेत, मात्र एका वेळी दहा टॅब उघडण्याची हौस बाळगू नये. थोडा खर्च करण्याची तयारी असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याचा गुण प्रणाली बदलण्याहूनही पुष्कळदा अधिक येतो.

लिनक्स घातले की जुना मजकूर गेलाच, ही भीती अर्धीच खरी आहे. पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून आवाज, वाय-फाय, प्रिंटर यांची खातरजमा हार्ड डिस्कला हातही न लावता करता येते. पण स्थापनेच्या वेळी सबंध डिस्क पुसण्याचा पर्याय स्वीकारला, तर मात्र सर्व दप्तर जाते.

कोणतेही लिनक्स कोणत्याही यंत्रावर चालते, हेही खरे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीने ३२ बिटी यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. तेव्हा डाउनलोडपूर्वी प्रोसेसर ३२ बिटी की ६४ बिटी, हे पाहून घ्यावे.

राहिला मराठीचा प्रश्न. लोहित देवनागरी हा फॉन्ट, आयबस हे टंकनसाधन आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांची तजवीज केली, की युनिकोड मराठी निर्वेध लिहिता येते. घोटाळा होतो तो कृतिदेव या फॉन्टातल्या जुन्या फाइलींचा. त्या फॉन्टमध्ये अक्षरे रोमन संकेतांच्या आड साठवलेली असल्यामुळे, तो नसलेल्या यंत्रावर ‘भंडारा’च्या जागी एच-के-ए-एम-के-जे-के अशी निरर्थक माळ दिसते, आणि मग तोहमत लिनक्सवर येते, वास्तविक तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हीच माळ दिसते. फॉन्ट बसवल्याने मजकूर वाचता येईल, परंतु देवनागरीत टंकून शोधता येणार नाही. यास्तव महत्त्वाचे कागद एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे नजरेखालून घालूनच नव्या प्रणालीत ठेवावेत.