ढोल-ताशा पथक

ढोल-ताशा पथक म्हणजे ढोल, ताशा, झांज आणि ध्वज यांसह मिरवणुकीत सामूहिक वादन करणारा गट होय. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे शहरात, सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आगमन व विसर्जन मिरवणुकांशी ही परंपरा जोडलेली आहे. आजच्या शहरी पथकांतील बहुसंख्य वादक विद्यार्थी, नोकरदार व व्यावसायिक असून ते मानधन न घेता हौसेने वादन करतात. गुढीपाडव्याची शोभायात्रा, शिवजयंती आणि दहीहंडी या प्रसंगीही पथके वादन करतात.

वाद्ये व रचना

ढोल हे दोन तोंडांचे नळकांड्याच्या आकाराचे वाद्य आहे. ते कमरेला बांधून वाजवतात. एका पानावर ‘टिपरू’ या काठीने आघात करतात, तर दुसऱ्या पानावर हाताने थाप देतात. पूर्वी ढोलाची पाने चामड्याची असत. पावसात भिजल्यावर चामडे सैल पडते आणि आवाज बसतो. गणेशोत्सव पावसाळ्यात येत असल्याने ही अडचण नेहमीची होती. त्यामुळे अलीकडे कृत्रिम धाग्यांची किंवा प्लॅस्टिकची पाने सर्रास वापरली जातात.

ताशा हे वाडग्याच्या आकाराचे, धातूचे, एकाच तोंडाचे वाद्य आहे. ते गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात. आकाराने लहान असले तरी पथकाचे नेतृत्व ताशाकडेच असते. ताशेवादक लय ठरवतो, ठेका बदलण्याचा इशारा देतो आणि ‘तर्री’ने वादन रंगवतो. ढोलवादक त्या इशाऱ्यावर एकाच वेळी ठेका उचलतात. ठरावीक ठेक्यांच्या आवर्तनांना वादकांच्या बोलीत ‘हात’ म्हणतात. झांजा आणि टोल लय सांभाळतात. पथकाच्या अग्रभागी ध्वजधारी भगवा ध्वज नाचवत चालतात. एका जागी उभे राहून केलेल्या वादनाला ‘स्थिर वादन’ म्हणतात.

इतिहास

ढोल हे ग्रामीण महाराष्ट्रातील यात्रा, जत्रा आणि पालखी सोहळ्यांतील जुने वाद्य आहे. ताशाचे नाव वाडगा या अर्थाच्या फारसी शब्दाशी जोडले जाते. भारतात हे वाद्य मोहरमच्या मिरवणुकांतही वाजवले जाते. एकच वाद्य दोन धर्मांच्या मिरवणुकांत रुजले, ही या परंपरेची लक्षणीय बाब आहे.

पुण्यात १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारी यांनी सार्वजनिक गणपती बसवला आणि १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने या उत्सवाला व्यापक रूप आले. आरंभीच्या काळात मेळ्यांची पदे हे मिरवणुकीचे मोठे आकर्षण होते. मुळशी, मावळ, भोर या परिसरातील गावांची ढोल-लेझीम पथके पुढे शहरातील मिरवणुकांत येऊ लागली. मंडळे त्यांना सुपारी देऊन बोलावत.

शहरी स्वयंसेवी पथकांच्या जडणघडणीत शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने विद्यार्थ्यांचे बर्ची पथक उभे केले. उत्सवाला शिस्तीचे वळण लावणे आणि शहरी मुलांना ग्रामीण कलेची ओळख करून देणे, हा त्यामागील विचार होता. न्यू इंग्लिश स्कूल, रमणबाग यांसारख्या शाळांची पथकेही नावारूपाला आली. शाळेतून बाहेर पडलेल्या वादकांनी पुढे स्वतंत्र पथके काढली. शालेय पथकांमुळे मुलींचा सहभागही वाढला. आज ढोल, ताशा आणि ध्वज या तिन्ही ठिकाणी स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात.

पुण्याची विसर्जन मिरवणूक मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे जाते. अग्रभागी कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती असतात. कोरोना साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये मिरवणुका झाल्या नाहीत आणि पथकांचे वादनही थांबले.

सराव व अर्थव्यवहार

गणेशोत्सवाच्या सुमारे दोन महिने आधी वाद्यपूजनाने सरावाला प्रारंभ होतो. नदीपात्रातील मोकळ्या जागा आणि मैदाने येथे सायंकाळी सराव चालतो. नवे वादक ढोल बांधणे, पान ताणणे आणि ठेके धरणे जुन्या वादकांकडून शिकतात. लेखी स्वरलिपीपेक्षा ऐकणे व अनुकरण यांवरच हे शिक्षण अवलंबून असते.

मंडळांकडून मिळणारे मानधन वादकांत न वाटता वाद्यांची दुरुस्ती, वाहतूक आणि सरावाची जागा यांवर खर्च करण्याची अनेक पथकांची पद्धत आहे. उरलेल्या रकमेतून काही पथके शैक्षणिक मदत किंवा इतर सामाजिक उपक्रम राबवतात. पथकांच्या समन्वयासाठी ढोल-ताशा महासंघ ही संघटना कार्यरत आहे.

ध्वनिपातळी व कायदेशीर वाद

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार दिवसा निवासी क्षेत्रात ५५, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल ही मर्यादा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जनाच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत ध्वनिपातळी मोजतात. अनेक वर्षी ती सरासरी १०० डेसिबलच्या पुढे गेल्याचे आढळले आहे. या आवाजात ध्वनिक्षेपकांचाही वाटा असतो.

श्रवणसंरक्षणाच्या एका प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा काळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबल आवाजात तो सुमारे १५ मिनिटांवर येतो. सर्वाधिक धोका वाद्याच्या सर्वांत जवळ असणाऱ्या वादकालाच असतो. कानात बोळे वापरणे आणि सरावात विश्रांती घेणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने एका पथकात ३० पेक्षा अधिक सदस्य नसावेत असा निर्देश दिला. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. संख्येवर मर्यादा घातल्यास सामूहिक वादनाचे स्वरूपच बदलेल, असे पथकांचे म्हणणे होते. दुसरीकडे रुग्ण, वृद्ध आणि मिरवणूक मार्गावरील रहिवासी यांच्या शांततेच्या हक्काचा प्रश्न कायम आहे.

इतर देशांतील समांतर परंपरा

भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर ताशा कॅरिबियन बेटांवर पोहोचला. त्रिनिदादमध्ये १८४५ पासून हे मजूर येऊ लागले. तेथे ‘तासा’ वादन होसे मिरवणुकांत तसेच विवाहसमारंभांत आजही प्रचलित आहे.

आयर्लंडमधील सामुदायिक पाइप बँड हे संघटनेच्या दृष्टीने पथकांचे जवळचे उदाहरण आहे. मशकवाद्य आणि ड्रम वाजवणाऱ्या या बँडमध्येही स्थानिक हौशी वादक एकत्र येतात. डब्लिन येथील सेंट लॉरेन्स ओटूल पाइप बँड १९१० मध्ये स्थापन झाला. शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, त्याने ग्लासगो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रथम श्रेणीचे विजेतेपद मिळवले. पाइप बँडचे वर्षभराचे वेळापत्रक बहुधा अशा श्रेणीनिहाय स्पर्धांभोवती आखलेले असते, तर पुण्यातील पथकांचे वर्ष उत्सवाभोवती फिरते.