सामाईक सरोवर, भागीचे घोडे

पेरू देशातील युंगुयो हे गाव मागे टाकून प्रवासी कमानीपर्यंत पायी चालत जातो, पारपत्रावर एक शिक्का उमटवून घेतो, पलीकडे बोलिव्हियाच्या कासानी येथील कचेरीत दुसरा शिक्का घेतो आणि मनगटावरचे घड्याळ एक तास पुढे सारतो. दोन शिक्के आणि एक तास, एवढीच काय ती सरहद्द. अलीकडच्या शेतांत बटाट्याचे वरंबे, पलीकडेही तेच. अलीकडच्या बायका आयमारा भाषेत बोलतात, पलीकडच्याही त्याच भाषेत. आणि या दोहोंच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर, टिटिकाका सरोवर पसरलेले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आठ हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांचे हे पाणी आहे. त्याला सरोवर म्हणताना जीभ अडखळते. काठावर उभे राहिले की समुद्रच म्हणावासा वाटतो.

बोलिव्हियाच्या दृष्टीने तर तो समुद्रच होय. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने या देशाचा सारा समुद्रकिनारा घेतला. तेव्हापासून हा देश चहूबाजूंनी भूवेष्टित आहे. परंतु त्याला नौदल आहे. या सरोवरावर आजही बोलिव्हियाच्या नौसैनिकांचे तळ आहेत आणि दरवर्षी २३ मार्चला तेथे ‘समुद्रदिन’ पाळला जातो. समुद्रापर्यंत वाट मिळावी म्हणून हा देश आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २०१८ मध्ये निकाल विरुद्ध लागला. परका माणूस या नौदलाला हसतो. पण गमावलेल्या वस्तूची आठवण जपणे आणि ती वस्तू परत मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीवाचून राष्ट्र राष्ट्र राहत नाही, हे आपल्यासारख्या इतिहासवेड्या प्रांतातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर कोपाकाबाना हे तीर्थक्षेत्र आहे. तेथील मेरीमातेची मूर्ती १५८३ मध्ये प्रतिष्ठापित झाली. ती घडविणारा तितो युपांकी हा इंका कुळातील कारागीर होता. या देवळासमोर फुलांच्या माळा घातलेल्या मोटारी पाद्र्याच्या आशीर्वादासाठी रांगेने उभ्या राहतात. आपल्याकडील दसऱ्याची आठवण करून देणारे ते दृश्य पाहून प्रस्तुत लेखकाचे परकेपण निम्मे तेथेच गळून पडले.

येथून होडीने दीडएक तासात सूर्यद्वीप गाठता येते. स्पॅनिश भाषेत त्याचे नाव ‘इस्ला देल सोल’. धक्क्यावर उतरताच समोर इंकांनी बांधलेला दगडी जिना दिसतो. पायऱ्या दोनशेच्या आसपास. परंतु हवा इतकी विरळ की प्रत्येक श्वासात सखल प्रदेशाच्या मानाने दोन तृतीयांशाहूनही कमी प्राणवायू मिळतो. पंचवीस पायऱ्या चढून बसावे, पुन्हा उठावे, आणि पाठीवर गाठोडे बांधलेली एखादी म्हातारी आपल्याला मागे टाकून निघून जाताना मुकाट्याने पाहावे, असा तो क्रम आहे. बेटावर मोटार नाही. ओझी गाढवे वाहतात, लामा वाहतात आणि माणसे वाहतात. उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. पाणी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळत असल्याने चुलीवरचे बटाटे शिजायला वेळ लागतो, आणि पाहुण्यालाही थांबण्याची सवय लागते.

इंकांच्या आख्यायिकेप्रमाणे सूर्याचा जन्म या बेटावर झाला. बेटाच्या उत्तर टोकाला जी शिळा आहे, तिच्यापासून सूर्य प्रकटला; मांको कापाक आणि मामा ओक्यो हे आद्य दांपत्यही येथूनच निघाले, असे सांगतात. साम्राज्याच्या काळात दूरदूरचे यात्रेकरू या शिळेच्या दर्शनाला येत. आज येतात ते आपल्यासारखे प्रवासी, आणि येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

२०१७ मध्ये या पवित्र स्थानाजवळ पर्यटकांसाठी निवास बांधण्यावरून बेटाच्या मध्यावरील चल्ला आणि उत्तरेकडील चल्लापम्पा या गावांत तंटा उद्भवला. बेटाचा उत्तर भाग प्रवाशांना बंद झाला. होड्या केवळ दक्षिणेला लागू लागल्या आणि उत्पन्नही दक्षिणेलाच राहिले. पुढे वाट पुन्हा खुली झाली. पण जे बेट दोन-तीन तासांत पायी तुडवता येते, त्यावर शिक्क्यावाचून आणि कमानीवाचून एक सरहद्द काही वर्षे उभी राहिली. शेकडो मैलांची आंतरराष्ट्रीय सीमा ज्यांना वेगळे करू शकली नाही, त्यांना पर्यटनाच्या चार पैशांनी वेगळे केले. या भांडणाचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तेथे जाणारा प्रत्येक प्रवासी, प्रस्तुत लेखकासह, या तंट्यातील एक पक्ष असतो, हे मान्य करावयास हवे.

सरोवराची कथा याहून निराळी नाही. १९५७ मध्ये पेरू आणि बोलिव्हिया यांनी करार करून या पाण्यावर दोघांची अविभाज्य सामाईक मालकी असल्याचे ठरविले. नकाशावर रेषा असेल, पाण्याची मात्र वाटणी नाही. लडाखातील पँगाँग सरोवराच्या काठी २०२० मध्ये दोन सैन्ये समोरासमोर ठाकलेली ज्यांनी पाहिली, त्यांना या कराराचे मोल निराळे सांगावयास नको. पण सामाईक मालकीची दुसरी बाजू आपल्या एका जुन्या म्हणीत आहे: भागीचे घोडे किवणाने मेले. बोलिव्हियाच्या बाजूने एल आल्तो या झपाट्याने वाढलेल्या शहराचे सांडपाणी नदीवाटे सरोवरात येते. पेरूच्या बाजूने पुनो शहराचे येते. त्यातच सरोवरातील बहुतेक पाणी उन्हावाऱ्याने वाफ होऊनच जाते, बाहेर वाहून जाणारी नदी एकच आणि तीही लहान. पाऊस हुकला की पातळी तत्काळ उतरते. २०२३ मध्ये ती इतकी उतरली की काठचे लव्हाळे कोरडे पडले आणि होड्या चिखलात रुतल्या. एकाची जबाबदारी ती दोघांची, आणि दोघांची ती कोणाचीच नाही, असे होऊ न देणे ही त्या कराराची खरी कसोटी आहे.

हे सर्व आपण का वाचावे, असा प्रश्न एखादा वाचक करील. त्याने एकादशीच्या दिवशी आपल्या ताटाकडे पाहावे. बटाटा मुळात अँडीज पर्वतातील, याच सरोवराच्या परिसरातील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळविलेला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. पोर्तुगीजांनी बटाटा आणला, त्याचे नावही आपण त्यांच्याकडूनच घेतले, आणि आज तो आपल्या उपवासाला चालतो. ज्यांच्या वरंब्यांतून तो निघाला, त्यांच्या पाण्याची विचारपूस करणे ही परोपकाराची बाब नव्हे. जुने देणे आहे.

परतताना कमानीखाली घड्याळ पुन्हा एक तास मागे घ्यावे लागते. माझ्यापुढे एक बाई पाठीवर बटाट्याचे गाठोडे घेऊन चालली होती. ती कोणत्या देशाची, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.