प्रियाचा काटा खरा बोलावा म्हणून

महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ ची. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात बनलेली 'प्रिया' आमच्या काकांकडे अजून आहे, पण स्पीडोमीटर पार गंजलाय. सांगलीत हॉस्टेलवर मी तसाच दुसरा बनवतोय. डायल स्कॅन करून छापणं सोपं, काटा खरा दाखवणं अवघड!

आतली करामत अशी. पुढच्या चाकाकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. त्याला न टेकता वर ॲल्युमिनियमची वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात एडी करंट निर्माण होतात आणि वाटी ओढली जाते. हेअरस्प्रिंग तिला अडवते. वेग दुप्पट, तर ओढही दुप्पट, म्हणून काटाही दुप्पट सरकतो.

आता तपासणी. काकांना सीटवर बसवा, कारण वजनाने टायर दबतो. टायरवर खडूची खूण करून गाडी दहा फेरे ढकला. अंतर आणि केबलचे फेरे मोजा, त्यावरून एका किलोमीटरचे फेरे काढा. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेवढ्याच आरपीएमने ड्रिलवर केबल फिरवली की काटा ६० वर हवा. पुढे गेला तर स्प्रिंग कसा, मागे राहिला तर सैल करा.

डायल कितीही झकास असला, तरी काका ४० समजून ५५ ने कॉर्नर घेणार असतील तर काय उपयोग?