कावीळ आणि पित्ताचा खडा

डोळे पिवळे झाले, लघवी हळदीसारखी झाली, की आपण म्हणतो, "कावीळ झाली." पण कावीळ हा एकच रोग नव्हे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तशी कावीळही अनेक कारणांनी होते. त्यातले एक कारण म्हणजे पित्ताच्या नळीत अडकलेला खडा.

उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. बकऱ्याची कलेजी म्हणतात ना, तोच हा अवयव. यकृतात पित्त तयार होते. पित्त म्हणजे हिरवट-पिवळा, कडू रस. त्याने तेल-तूप पचते. यकृताखाली एक लहान पिशवी असते. तिला पित्ताशय म्हणतात. त्यात पित्त साठते. आपण जेवलो, की ही पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरते.

कधी कधी या पिशवीत खडे होतात. काही वाळूच्या कणाएवढे, काही सुपारीएवढे. पुष्कळांना त्यांचा त्रास होत नाही. पण खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला, तर जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते. पाठ दुखते, उलटी होते.

आणि खडा घसरून नळीत अडकला तर? पाटात दगड अडकला, की पाणी पुढे जात नाही, मागे तुंबते. तसेच पित्त तुंबते आणि रक्तात मिसळते. मग डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते. शौचाला पांढरट होते. अंगाला खाज सुटते.

अशा वेळी कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी नाकात रस पिळतो. लोक म्हणतात, "आमच्या शेजाऱ्याला गुण आला की!" खराब पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. नाव मात्र माळेचे होते. नळीतला खडा माळेने निघत नाही. उलट तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात. थंडी वाजून ताप भरतो. त्यात माणूस दगावतो. म्हणून कावीळ, ताप आणि पोटात कळ ही तीन एकत्र दिसली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

तेथे रक्त तपासतात. सोनोग्राफी करतात. ती मुळीच दुखत नाही. नळीतला खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. त्यासाठी पोट कापावे लागत नाही. पुन्हा खडा अडकू नये म्हणून पुढे पिशवीही काढतात.

पिशवी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिन शहरात १८८२ साली डॉ. लांगेनबुख यांनी केली. तेव्हा पोट बरेच कापावे लागे. आता लहान लहान छिद्रांतून दुर्बिणीने हे काम होते. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी केली. यात बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत घरी जातात.

"पिशवी काढली, तर अन्न पचंल का?" असे पुष्कळ जण विचारतात. होय, पचते. पित्त यकृत करते. पिशवी फक्त साठवते. ती नसली, तरी पित्त थेट आतड्यात उतरते.

आणखी एक गोष्ट. उतारवयात पोट न दुखता कावीळ झाली, वजन घटू लागले, तर नळीजवळ गाठ असू शकते. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. गाठ लवकर सापडली, तरच ती काढता येण्याची आशा अधिक.

डोळे पिवळे दिसले, की आधी कारण शोधा. उपाय त्यानंतर.