घरातलं जनावर गेल्यावर

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात बैल गेला की काय करायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. शेजारपाजारचे कुदळ-फावडं घेऊन येतात. बांधाच्या कडेला खड्डा निघतो. अंगावर नवं कापड नाहीतर त्याचीच बेंदराच्या सणाची झूल पडते, कपाळाला हळद-कुंकू लागतं, घरधनीण ओवाळते आणि मग माती दिली जाते. कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही, भाकरी शेजारून येते. पुढचे दोन-चार दिवस पैपाहुणे येऊन बसतात.

"किती वर्सं होता वो मामा?"

"बारा बेंदरं खाल्ली आमच्या दावणीला."

तेवढ्यावर थोडा वेळ सगळे गप्प बसतात. सांत्वन झालेलं असतं.

त्याच घरातलं कुत्रं किंवा मांजर गेलं तर यातलं काहीच होत नाही. पोत्यात घालून कुणीतरी ते ओढ्याकडे नेतं. रडणाऱ्या बाईला "कुत्रंच होतं की, दुसरं आणूया," असं सांगतात, आणि ती पदराने डोळे पुसून कामाला लागते. मला हे बरोबर वाटत नाही. बैलासाठी आपल्या लोकांनी जे करून ठेवलं आहे ते नुसतं उपकाराची फेड म्हणून नाही. त्यात दुःख कसं उतरतं याची मोठी समज आहे. ती कुत्र्या-मांजराच्या बाबतीतही तशीच लागू पडते. म्हणून शेवटच्या तासापासून पुढच्या काही महिन्यांपर्यंत काय काय घडतं, आणि त्या-त्या वेळी काय केलं तर जिवाला बरं वाटतं, ते क्रमाने मांडतो.

आधी मरण. म्हातारं कुत्रं बहुतेक वेळा शेवटचे एक-दोन दिवस खाणं सोडतं, आडोशाला जाऊन पडतं, पाय गार पडतात. श्वास लांब-लांब होत जातो. श्वास थांबल्यावरही एक-दोन उचक्या येतात, एखादा पाय हलतो, लघवी सुटते. घरच्यांना वाटतं, अजून जीव आहे, वेदना होताहेत. तसं नसतं, भान आधीच गेलेलं असतं, हलतात ते नुसते स्नायू. डोळे उघडेच राहतात, कारण पापणी मिटायलाही स्नायूंची ताकद लागते. "डोळे उघडे ठेवून गेला, म्हणजे कुणाची तरी वाट बघत होता," असं समजून वर्षानुवर्षं मन जाळत राहणारी माणसं असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. जीव गेल्याची खात्री करायला डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे छातीवर तळवा ठेवून ठोके बघावेत. बुबुळाला हलकेच कापूस लावून पापणी हलते का तेही बघावं.

बरं होणार नाही अशा दुखण्यात डॉक्टर दयामरण सुचवतात. हा निर्णय सगळ्यात जड असतो. तो नेमका कसा अमलात येतो हे माहीत असलं तर थोडा सोपा होतो. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. जनावर झोपलं की शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा जाते. मेंदू आधी बंद होतो, मग श्वास, मग हृदय. शिरेत औषध गेल्यापासून सगळं काही मिनिटांत आटोपतं. जवळ थांबावं, डोक्यावर हात ठेवावा. वेळ आली की नाही हे ठरवायला तीन साधे प्रश्न उपयोगी पडतात. स्वतःहून खातं का? उठून लघवीला जातं का? आपण जवळ गेलो की शेपूट, कान, डोळे, काहीतरी हलतं का? तिन्हींची उत्तरं दिवसामागून दिवस "नाही" अशी येऊ लागली, की डॉक्टरांशी स्पष्ट बोलायची वेळ झाली. या औषधाने गेलेल्या जनावराचं शरीर उघड्यावर कधीही टाकू नये. ते खाणारी घार, कावळा, दुसरं कुत्रं, सगळी विषबाधेने मरू शकतात.

दोन-तीन तासांत शरीर ताठू लागतं. त्याआधी पाय पोटाशी दुमडून, झोपल्यासारखं निजवावं. सुती कापडात गुंडाळावं, प्लास्टिकमध्ये नको, कारण मातीत प्लास्टिक कुजत नाही आणि शरीरही नीट कुजू देत नाही. उन्हाळ्यात त्याच दिवशी माती द्यावी. खड्डा तीन ते चार फूट खोल हवा, विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, आणि वर दगड रचलेले. नाहीतर कोल्ही-कुत्री उकरतात, आणि ते दृश्य घरच्यांना आयुष्यभर छळतं. खानापूर बाजूच्या जांभ्या जमिनीत खणणं कठीण, निपाणीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागतं. म्हणून उंचवट्यावरची जागा बघावी. स्वतःची जमीन नसलेल्यांनी बेळगाव शहरात महापालिकेच्या स्वच्छता विभागाकडे, कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, निपाणीत नगरसभेकडे विचारावं.

एक मोठा अपवाद आहे. कुत्रं विचित्र वागून, लाळ गाळत, पाणी गिळता न येता, आवाज बदलून, चावत सुटून गेलं असेल, तर रेबीजचा संशय धरायचाच. उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, आधी पशुवैद्यांना कळवायचं. ज्यांना ते चावलं, ओरखडलं किंवा ज्यांच्या जखमेला त्याची लाळ लागली, त्यांनी जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे शोक बाजूला ठेवावाच लागतो.

माती देऊन घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. दुःख पहिल्यांदा शरीरात आणि सवयीत जाणवतं. पहाटे धार काढायला उठल्यावर पायात घुटमळणारं कुणी नसतं, तरी पाऊल जपून पडतं. दुपारी शहाबादी फरशीवर नखांचा आवाज आल्यासारखा वाटतो. भाकरीचा शेवटचा तुकडा हात आपोआप बाजूला काढतो. यात वेड लागण्यासारखं काही नाही. मेंदूने दहा-बारा वर्षं त्या आवाजाची, त्या वेळेची तयारी करून ठेवलेली असते आणि ती मोडायला वेळ लागतो. नात्याला शरीराचा आधारही आहे. जपानच्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की माणूस आणि त्याचं कुत्रं एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच द्रव्य. "कुत्रंच होतं की" हे वाक्य या माहितीपुढे टिकत नाही.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली: ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मानतच नाही, ते जास्त जड जातं, कारण ते सांगायला जागा मिळत नाही. बैल गेल्यावर येऊन बसणारे पाहुणे नेमकी हीच जागा देतात. म्हणून कुत्रं गेल्यावरही चार माणसांना नाव घेऊन कळवावं. "आमचा मोती गेला" एवढं तोंडाने म्हणावं. आणि ऐकणाऱ्याने दुसरं आणायचा सल्ला न देता "किती वर्सं होता?" हा आपल्या घरचाच प्रश्न विचारावा. त्या प्रश्नातून गोष्टी बाहेर पडतात: पिल्लू कुणी आणलं, पहिल्या पावसात कसं घाबरलं, उसात घोणस दिसल्यावर कसं भुंकून अडवलं.

दुःख पायरीपायरीने उतरत जातं हा समज मात्र सोडावा. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये सांगितलेलं वर्णन जास्त खरं वाटतं: माणूस काही वेळ दुःखात जातो, काही वेळ कामात, पुन्हा दुःखात, आणि ही ये-जा हेच बरं होणं असतं. सकाळी तंबाखूच्या वखारीत हसून बोललेली बाई संध्याकाळी रिकामं ताट बघून रडली, तर तिचं काही बिघडलेलं नाही.

सगळ्यात चिवट असतो तो अपराधीपणा. "चार दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर." याला धीराच्या शब्दांपेक्षा माहिती जास्त कामाला येते. कुत्री-मांजरं दुखणं लपवतात. अशक्त दिसणं म्हणजे धोका, ही जंगलातली शिकवण अजून त्यांच्या अंगात आहे. मांजराच्या मूत्रपिंडाचं काम दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश संपेपर्यंत बाहेरून फारसं काही कळत नाही. पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं, कधी सलाईन लावूनही जातं. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला कळलं, त्या दिवसाच्या आधी कळण्यासारखं फारच थोडं होतं. खरोखर काही चुकलं असेल, लस राहून गेली असेल, तर ते डॉक्टरांना विचारून नीट समजून घ्यावं आणि घरातल्या पुढच्या जनावराच्या वेळी भरून काढावं. नुसतं कुढत बसण्यापेक्षा त्याने मन लवकर ठिकाणावर येतं.

आठवण ठेवणं म्हणजे दुःखात अडकणं, असंही कुणी समजू नये. या बाबतीत आपला सीमाभाग श्रीमंत आहे. कन्नड आणि मराठी दोन्ही बाजूंचा वारसा आपलाच. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा शिलालेख दहाव्या शतकाच्या मध्याचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमला चोळांना हरवलं. त्या लढाईत गाजलेल्या मणलेर नावाच्या योद्ध्याला त्याचा धनी, गंग राजा बूतुग, म्हणाला, हवं ते माग. त्याने काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ती एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघंही मेली. तिच्यासाठी चल्लेश्वराच्या देवळापुढे दगड उभा राहिला, जमीन लावून दिली गेली, आणि ती जमीन सांभाळणाऱ्याने दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, असंही त्यावर कोरलं. तो दगड आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वी एका योद्ध्याला आपल्या कुत्रीचं दुःख दगडात कोरायची लाज वाटली नाही.

मराठी बाजूला साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याचं स्मारक आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा सांगतात. जुन्नरकडे आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी लोक श्रद्धेने पुजतात. आणि नृसिंहवाडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला दत्ताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांची ओळख कुणी करून द्यायला नको.

घरी एवढं मोठं काही लागत नाही. माती दिलेल्या जागी आंबा, चाफा, कडुलिंब, जे टिकेल ते लावावं. मात्र रोप खड्ड्याच्या कडेला लावावं, अगदी वर नको. गळपट्टा, साखळी, घुंगरू यातलं एक जपून ठेवावं आणि उरलेलं सावकाश, स्वतःला वाटेल तेव्हा द्यावं. बेंदूर आपल्याकडे दोनदा येतो, ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय. गोठा रिकामा झालेल्या घरातही त्या दिवशी मातीची बैलजोडी पुजली जाते. त्या नैवेद्यातली एक पोळी गेलेल्या कुत्र्याच्या नावाने गल्लीतल्या कुत्र्याला घालायला कुठल्या शास्त्राची आडकाठी आहे?

मुलांशी खरं बोलावं. "झोपला" म्हटलं तर लहान मूल स्वतः झोपायला घाबरतं, "गावाला गेला" म्हटलं तर वाट बघत बसतं. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे समजत नाही, ते पुन्हा पुन्हा विचारणार. दरवेळी तेच शांत उत्तर द्यावं. "मोती मेला. त्याचं शरीर थांबलं. आता त्याला दुखत नाही." माती टाकायला, फूल ठेवायला मुलांना बरोबर घ्यावं.

म्हाताऱ्यांकडे जास्त लक्ष हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलगा सैन्यात, मुलगी पुण्यात, आणि घरात आजी आणि कुत्रं. तिचं उठणं, दूध तापवणं, फाटकापर्यंत चालणं, दिवसभरातलं बोलणं त्याच्यामुळे चाललेलं असतं. ते गेल्यावर जेवण टाळणं, अंथरुणातच पडून राहणं सुरू होतं. फोनवर समजूत घालून भागत नाही. कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी तिच्याकडे जायला हवं. झोप, भूक, कामावरचं मन आठवडेच्या आठवडे परत येत नसेल किंवा जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेला 14416 वर फोन करावा. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

मागे राहिलेल्या जनावरालाही कळतं. इटलीत 426 लोकांना विचारून केलेल्या 2022 च्या अभ्यासात 86 टक्के जणांनी सांगितलं की एक कुत्रं गेल्यावर घरातलं दुसरं बदललं: खाणं कमी, खेळ कमी, माणसाला चिकटून राहणं जास्त. रोग संसर्गाचा नसेल तर माती देण्याआधी त्याला जवळ येऊन हुंगू द्यावं. खाण्या-फिरण्याच्या वेळा तशाच ठेवाव्यात.

नवीन पिल्लू कधी आणावं याला मुहूर्त नाही. रडू थांबवायला आणू नये, आणि घरातल्या कुणाची तयारी नसताना तर नकोच. जुनं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर घाई जिवावरही बेतते, कारण तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन् महिने, कधी वर्षभरही तग धरतो. फरशी, ताटली, साखळी आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसावी लागते. उघड्या मातीवर ब्लीचचा भरवसा नसतो, म्हणून अशा घरी लस पूर्ण झालेलंच कुत्रं आणावं. एरवी आणलेल्या पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. तोवर त्याला ओसरीबाहेर सोडायचं नाही.