नळाखालचा कडा

मागे गटाच्या मेळाव्याला आम्ही खोपोलीला गेलो होतो. डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते भले मोठे नळ बघून आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "अन् हा कडाच सुटला तर?" चांगला प्रश्न होता, म्हणून माहिती काढली.

१९१५ पासून तिथे वीज तयार होते. घाटावरच्या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. पाण्याची उंची १० मीटरने वाढली की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब वाढतो. म्हणजे पायथ्याला नखाएवढ्या जागेवर ५० किलोचं पोतं! म्हणून नळ वळतो तिथे तो काँक्रीटच्या ठोकळ्यात जखडतात. पण ठोकळा बसलेला असतो कड्यावर. कडा हलला तर नळाचा सांधाही हलणार.

आपला सह्याद्रीचा कातळ अखंड दिसतो, पण असतो भाकरीच्या चवडीसारखा, थरांचा. मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा मऊ थर. पावसाचं पाणी भेगांत शिरतं, साठतं आणि मागून रेटा देतं.

असा कडा सावरताना आधी वरून सैल दगड पाडतात. मग कातळात खोल भोकं पाडून पोलादी सळ्या घालतात, सिमेंटच्या कालवणाने भरतात. गोधडीला टाके घालावेत तसे थर एकत्र बांधले जातात. वरून जाळी, गरज असेल तिथे सिमेंटचा फवारा. मात्र पाणी बाहेर पडायला भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर सगळं लिंपण एक दिवस पाण्यासकट खाली. आमच्या वाडीमागची संरक्षक भिंत दोन पावसाळ्यांत फुगली, तिला एकही भोक नव्हतं. बिल मात्र वेळेवर निघालं!

खालापूर तालुक्यातच १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे नळ नव्हता, पण उतार आणि पाऊस होताच. जमिनीला नवी भेग, कललेली झाडं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी असं काही दिसलं तर मुलाबाळांना घेऊन आधी बाहेर पडा, मग १०७७ ला फोन करा.

वाडीमागच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना आम्ही चुन्याच्या खुणा केल्यात. दर सोमवारी बैठकीआधी दोघीजणी अंतर मोजून वहीत लिहितात. या सोमवारी चार बोटं होतं.